मध्यंतराला उठायचं ठरलं होतं

४ फेब्रुवारी

आलं शेवटी ते नाटक आमच्या बोकांडी. ‘अध्यक्षांच्या परवानगीने’. दुकानासमोरच्या भिंतीवर सकाळी दोन माणसं शिडी लावून भलंमोठं पोस्टर चिकटवत होती. एक रिकामी खुर्ची आणि तिच्यापुढे माइक. बस्स. चष्मा घालून पाहिलं, काढून पाहिलं, खुर्ची ती खुर्चीच. चष्मे विकण्यात आयुष्य गेलं माझं, पण या नाटकवाल्यांच्या डोक्याला कुठला नंबर लागतो ते मला सांगता यायचं नाही.

राजधानीत म्हणे एका जुन्या गोदामात सुरू झालं, मग मोठ्या थिएटरात गेलं, मग लोक रांगा लावायला लागले. आता आमच्यावर मेहरबानी म्हणून इथे दोन प्रयोग. विषय काय, तर एक गाव, गावातली सभा, नदीकाठच्या खोल्या पाडायचा ठराव, आणि तो मंजूर करणारी सभ्य माणसं कशी आतून सडकी. आता गंमत बघा. लिहिणाऱ्या बाईनं आमच्या गावाचं नावसुद्धा ऐकलं नसेल, पण इथे जो तो म्हणतोय की हे आपल्यावरच आहे. दुपारी वकील तावातावानं दुकानात शिरला. समोर एक गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं वाचत बसलं होतं, त्याच्या डोक्यावरून ओरडला, “अध्यक्ष, ही उघड बदनामी आहे! त्या पार्किंगवरून चाललंय सगळं!”

वकील आमच्या रसिक मंडळाचा उपाध्यक्ष. अध्यक्ष मी. या गावात नाटक चाललं की पडलं, ते आमच्या मंडळाच्या पुढच्या रांगांवरून ठरतं. आम्ही टाळी दिली की मागचे देतात. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही, थिएटरचा मॅनेजर स्वतः म्हणतो.

७ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. माझ्याशी बोलली! दोन वर्षांत पहिल्यांदा.

ही (म्हणजे बायको, उगाच घोळ नको) फोनवर होती. एकदम माझ्यापुढे फोन धरून म्हणाली, “घ्या, तुम्हाला दे म्हणतेय.” माझ्या हातात चहाचा कप होता, तो कुठे ठेवला ते अजून आठवत नाही.

“बाबा, ते नाटक तुमच्याकडे येतंय. मी इथे पाहिलंय. तुम्ही बघावं असं मला वाटतं. मी येते, तिघं मिळून बघू. मग आठवडाभर राहीन म्हणते.”

आठवडाभर! मी म्हणालो, “ये की. घर तुझंच आहे.”  मग ती म्हणाली, “त्याचं पत्रक येईल थिएटरात, ते वाचा जमलं तर.” मी म्हटलं हो हो. वाचतोय कुठला. त्या लोकांचं पत्रक मी तत्त्व म्हणून हातात धरणार नाही.

भांडण कशावरून झालं होतं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी मलाच दोषी धरायला नको. दुकानाच्या मागे ओढ्याकडेला खोल्या होत्या, पत्र्याच्या, निम्म्या सरकारी जागेत. लेक तिथल्या पोरांना संध्याकाळी शिकवायला जायची. मग नगरपालिकेनं जाहीर सभा घेतली, पार्किंग करायचं ठरलं, हात वर करून मत घेतलं. मी केला हात वर. सगळ्या दुकानदारांनी केला. गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार कुठून? लेक तेव्हा दारापाशी उभी होती, सह्यांचे कागद घेऊन. माझ्याकडे बघत होती. घरी येऊन नको नको ते बोलली, मीही काही कमी बोललो नाही, आणि पंधरा दिवसांत राजधानीत एका दवाखान्यात नोकरी धरून गेली. ही सभेला नव्हती. घरटी एक माणूस पुरे, असं मीच म्हणालो होतो.

जाऊ दे. पोरगी येतेय. ही तेव्हापासून मागच्या खोलीतलं कपाट रिकामं करतेय आणि मध्येच गुणगुणतेय.

९ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. दुकान लवकर बंद करून वरच्या मजल्यावर, नेहमीप्रमाणे. झाडून सगळे आले. एरवी वर्गणीच्या बैठकीला कुणाला खोकला असतो, कुणाचा गुडघा.

वकिलानं तोंड उघडलं ते मिटेचना. कुणी म्हणालं काळ्या फिती लावू. कुणी म्हणालं बहिष्कार टाकू. एकजण म्हणाला शिट्ट्या मारू. त्याला मी तिथल्या तिथे झापलं. शिट्ट्या मारायला आपण काय नाक्यावरची टवाळ पोरं आहोत? मुख्याध्यापिकाबाई (निवृत्त, पण आवाज अजून नोकरीत आहे) मध्येच म्हणाल्या, “यातलं कुणी नाटक पाहिलंय का? वाचलंय?”

सगळ्यांनी वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला, “बाई, विष आहे हे कळायला ते पिऊन बघावं लागतं का?” जोरदार हशा. बाई उठल्या. चहा न घेता गेल्या.

शेवटी तोडगा मी काढला, हे नमूद करतो. आपल्या मंडळाचा पहिला नियम काय? प्रेक्षागृहातले दिवे लागल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. नाटक कितीही भिकार असो. चालू प्रयोगात उठून जाणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही, मग तो मंत्री का असेना. तेव्हा तिकिटं काढायची, पुढच्या रांगा भरायच्या, पहिला अंक मूग गिळून बसायचं. मध्यंतराचे दिवे लागले की मी उठणार, माझ्यामागे सगळे, आणि परत कुणी आत जायचं नाही. दुसरा अंक रिकाम्या खुर्च्यांपुढे करा म्हणावं! एक शिवी नाही, एक शब्द नाही, पण थोबाडीत बसलीच पाहिजे.

टाळ्या पडल्या. वकिलानं माझा हात दाबला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, “आणि लेक?”

“लेक काय?”

“तिच्या शेजारून उठून जाणार तुम्ही?”

मी म्हणालो, ती तत्त्वाची मुलगी आहे, तिला तत्त्व कळतं. मग लागेल तर बाहेर थांबेन तिच्यासाठी. ही म्हणाली, “तिनं दोन वर्षांनी हाक मारलीय तुम्हाला.” मला ते माहीत नाही का? पण मंडळाचा अध्यक्ष मी आहे, शब्द दिलाय. लेकीलाही सांभाळीन आणि मंडळालाही. एवढी वर्षं दुकान सांभाळलं, हे काय अवघड आहे.

१३ फेब्रुवारी

थिएटरचा मॅनेजर चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला होता. खूष होता. पुढच्या सहा रांगा मंडळानं घेतल्यात म्हणून. म्हणाला, “तुम्ही आहात म्हटल्यावर प्रयोग रंगणार.” मला हसू आवरेना. काडीचा स्क्रू दोनदा हातातून पडला.

जाताना त्यानं पत्रकांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. मी तो तसाच उचलून काचा पुसायच्या फडक्यांखाली सारला. हिनं दुपारी डबा आणला तेव्हा तिच्या नजरेस पडला, एक उचलून वाचत बसली. म्हणाली, “अहो, मध्यंतर आहे ना पण याला नक्की?”

“मध्यंतर नसलेलं नाटक असतं का कुठे?” मी म्हणालो. बायकांना काहीही शंका येतात.

१८ फेब्रुवारी

गिऱ्हाईक कमी, चर्चा जास्त. आज एकजण नुसता नाटकाला शिव्या द्यायला येऊन बसला. नंबर तपासायचा राहूनच गेला.

२१ फेब्रुवारी, सकाळ

आज पहिला प्रयोग. लेक काल दुपारी आली. बारीक झालीय. केस कापलेत. दारातच हिच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडे वळून “कसे आहात बाबा?” म्हणाली आणि ‘बॅग घ्या’ न म्हणता स्वतःच आत घेऊन गेली. जेवताना नीट बोलली. दवाखान्यातल्या गमती सांगितल्या. पाठीच्या व्यायामाला येणारे पेशंट तिला किती घाबरतात ते सांगताना अगदी लहानपणीसारखी हसली. मी उठून पाण्याचा तांब्या भरायला गेलो.

दुपारी मागच्या रस्त्याला गेली होती. पार्किंग बघून आली.  मीही विषय काढला नाही.

मध्यंतराचं तिला अजून सांगितलेलं नाही. ऐन वेळी सांगू. आधी सांगितलं तर वाद, वाद झाला की जाणार. ती आठवडाभर राहायला हवी मला. माझं म्हातारपण असंच तिच्याशी अबोल्यात गेलं तर काय करायचंय त्या मंडळाचं नि त्या दुकानाचं. पण शब्द दिला तो दिला.

२२ फेब्रुवारी

दुकान उघडलंय पण शटर अर्धं खाली ठेवलंय. झालं ते जसं झालं तसं लिहितो.

आम्ही तिसऱ्या रांगेत. डावीकडे लेक, तिच्यापलीकडे ही, माझ्या उजवीकडे वकील. अवतीभोवती सगळं मंडळ, ठेवणीतले कपडे घालून, चेहरे असे की जणू मयताला आलोय. पडदा नाहीच. रंगमंचावर एका बाजूला पत्र्याच्या आणि फळ्यांच्या खोल्यांची रांग, दुसऱ्या बाजूला सभेचं टेबल. बाकी खरं सांगायचं तर नेपथ्य चांगलं होतं. एका खोलीच्या दाराला खरी कडी होती आणि ती वाजायची.

अध्यक्षबाईचं काम करणारी नटी उंच, आवाज खणखणीत. खोलीतल्या म्हाताऱ्याचं काम करणारा तर फारच बरा. पण मी नाटक बघायला आलो नव्हतो. माझं लक्ष मध्यंतराकडे. अर्धा तास झाला, पाऊण झाला. वकील कानाशी, “कधी हो?” थोड्या वेळानं परत, “कधी?” मला काय विचारतोस, मी काय दिवे लावणारा आहे? एक तास उलटून गेला. त्यात लघवी लागली. या वयात तिला थोपवणं म्हणजे काय ते तरुणांना सांगून कळायचं नाही. मागे कुणीतरी सुस्कारे टाकत होतं. सबंध मंडळ असं बसलेलं, न धड बघता येतंय, न धड उठता येतंय, नियम आमचाच.

लेक पुढे वाकून बघत होती. मध्ये एकदा तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हाताऱ्याच्या वाक्यावर. काय वाक्य होतं ते वकिलाच्या कुजबुजीत मला ऐकू आलं नाही. हात मात्र ठेवला. मी हललो नाही.

आणि लागले दिवे! अख्ख्या प्रेक्षागृहाचे, एकदम. अध्यक्षबाई माइकवर काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात वकील म्हणाला, “चला!” मी उठलो. माझ्यामागे सहा रांगांच्या खुर्च्या धडाधडा मिटल्या. असा आवाज झाला की माझी छाती फुगली. म्हटलं, वा! आणि नवल म्हणजे, आम्हाला उठलेलं बघून मागचेही उठायला लागले. बाल्कनीतसुद्धा. बघता बघता निम्मंअधिक थिएटर उभं.

पण बाहेर कुणी जाईना. आणि रंगमंचावरचं कुणी हलेना. अध्यक्षबाई माइकपाशी उभी होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक. नटीचा चेहरा असा होत नाही, निदान काम करताना तरी.  मग सावकाश म्हणाली, “नोंद करा. ठराव मंजूर.”

विंगेतून माणसं आली, पहारी घेऊन. एकमेकांकडे बघत, बिचकत. आणि त्यांनी ती खोल्यांची रांग पाडायला घेतली. खरोखरीच. फळी उपसली, पत्रा ओढला. म्हातारा पाटावर बसून होता, त्याच्या अंगावर धूळ पडत होती. दिवे सगळे चालूच. आम्ही उभे. बसावं तर खुर्च्या मिटलेल्या, जावं तर वाट माणसांनी भरलेली. मी वकिलाला विचारलं, “हे काय चाललंय?” वकील म्हणाला, “गप्प उभे राहा.” शेवटचं दार पडलं, कडीसकट, आणि नटमंडळी तशीच आत निघून गेली. टाळी नाही, काही नाही.

डावीकडे बघितलं. लेक बसलेली होती. हीसुद्धा.

बाहेर जिन्यापाशी मॅनेजर भेटला, घामाघूम. त्यानं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. नाटक सलग आहे, मध्यंतर नाहीच. दिवे लागतात तेव्हा अध्यक्षबाई लोकांना विचारते की ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी उभं राहावं. राजधानीत एवढे प्रयोग झाले, कधी कुणी उभं राहिलं नाही. उठले तर एकदोघं, चेष्टेनं. मग बाई ठराव मागे घेते, म्हातारा घरात जाऊन दिवा लावतो आणि संपतं. हा पाडायचा शेवट त्यांनी तालमीत बसवून ठेवला होता, प्रयोगात आजवर करावाच लागला नव्हता.

 घरी बूट काढताना लेक म्हणाली, “सगळ्यांत आधी तुम्ही उठलात.”

मी म्हणालो, “अगं, मला वाटलं मध्यंतर झालं.” आणि मग मंडळाचं ठरलेलं सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

“म्हणजे माझ्या शेजारून उठून जायचं आधीच ठरलं होतं?”

“बाहेर थांबणार होतो तुझ्यासाठी.”

“आणि ती काय विचारत होती ते ऐकलं नाहीत?”

“वकील बोलत होता मध्येच.”

“बाबा, एवढा मोठा आवाज आहे तिचा!” ती ओरडली. “आख्खं थिएटर ऐकत होतं! तुम्हाला एकदाही वाटलं नाही की आधी ऐकावं, मग उठावं?”

मीही चढलो. म्हणालो, नाटकातल्या पत्र्याच्या खोल्यांसाठी बापाला धारेवर धरतेस, शोभतं का? तिनं बूट कोपऱ्यात ठेवले. मग आत गेली. सकाळच्या पहिल्या गाडीनं परत गेली. ही तिला सोडायला स्टँडवर गेली होती, अजून माझ्याशी बोललेली नाही. पोळ्यांचा डबा आलेला नाही.

एका दिव्याच्या बटणापायी पोरगी गेली. मध्यंतर न ठेवता नाटक लिहिणाऱ्या त्या बाईला देव क्षमा करणार नाही.

२३ फेब्रुवारी

राजधानीच्या पेपरात आलंय. पहिल्या पानावर नाही, पण आलंय. ‘ठराव मंजूर करणारं गाव’ असा मथळा. गावात आग लागल्यासारखं झालंय. सकाळपासून दुकानात नुसती रीघ. सगळ्यांचं एकच, उद्याच्या प्रयोगाला जायचं आणि मुद्दाम उभं राहायचं, आता बघूच! तिकिटं संपली. नाटकाला कधी न फिरकणारे लोक तिकिटासाठी मॅनेजरच्या पाया पडताहेत.

जुने नगरसेवक येऊन गेले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “तोंडावर सांगितलंत, बरं केलंत. ताठ कण्याचा माणूस.” चार लोक बघत होते. मला बरं वाटलं. तरी सांगावंसं वाटलं, अहो, मी लघवीला उठलो होतो. वकिलाला बाजूला घेऊन म्हणालो, आपण मध्यंतर समजून उठलो हे लोकांना सांगून टाकू. तो डोळे वटारून म्हणाला, “खुळे आहात का? हसतील. आपण ठरवूनच उठलो.”

तसं ठरवूनच उठलो होतो, तेही खोटं नाही.

लेकीला तीनदा फोन केला. उचलला नाही. मग निरोप लिहून पाठवला: उद्या परत जाणार आहे नाटकाला. या वेळी बसून राहणार. बघच तू. हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, “मीही येते.” तिकीट कुठून आणणार, विचारलं. मुख्याध्यापिकाबाईंकडून, म्हणाली. कधी गेली होती त्यांच्याकडे कोण जाणे.

२५ फेब्रुवारी

काल दुसरा प्रयोग झाला.

थिएटर खचाखच. आत शिरल्यापासून एक प्रकारचा उन्माद. लोक नट आल्या आल्या हुर्यो करत होते, माझं मंडळसुद्धा. कुणालाच झापलं नाही मी. म्हाताऱ्याच्या पहिल्या वाक्याला कुणीतरी खोकला, मग सगळेच खोकायला लागले. तो बिचारा थांबला, आणि मग तेच वाक्य पुन्हा म्हणाला. ही माझ्या शेजारी होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मी ठरवून आलो होतो. खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो. आदल्या दिवशी संध्याकाळपासून पाणीसुद्धा बेतानं प्यायलो होतो.

दिवे लागले. या वेळी मी ऐकलं. बाई म्हणाली, “सभागृहापुढे ठराव आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी उभं राहावं.” आणि सगळं थिएटर आरडाओरडा करत उठलं. मी बसून. वकिलानं माझ्या खांद्याला धरलं, “अध्यक्ष, उठा, लोक बघताहेत!” मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो, तोंडानं म्हणालो की नाही ते आठवत नाही, पण बसून राहिलो. बराच वेळ.

पण पुढे नुसत्या पाठी. कोट, स्वेटर, पाठी. समोरचं काही म्हणता काही दिसेना. बाईचा चेहराही दिसेना, म्हातारा कुठे बसलाय ते कळेना. लेकीला सांगायचं तर काय झालं ते निदान बघायला नको का? म्हणून उठलो. नुसतं बघायला.

आणि तेवढ्यात खालून, माझ्या कोपराजवळून आवाज आला, “माझा विरोध आहे.”

हिचा आवाज स्वयंपाकघरातून बैठकीत पोचत नाही. मला दोनदा “काय?” म्हणून विचारावं लागतं. तो आवाज कुठून आणला तिनं ते मला माहीत नाही. आसपासचे गप्प झाले. रंगमंचावरून बाईनं विचारलं, “कोण बोललं?”

“मी. इथे बसलेय मी. मला हे मान्य नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ए बाई, गप बस!” शिट्ट्या झाल्या. हशा झाला. मी लाजेनं मेलो. वाकून हिला म्हणालो, “अगं, चालू नाटकात बोलतात का?” हिनं वर बघितलं. म्हणाली, “तुम्ही उभे का आहात?”

“दिसत नव्हतं म्हणून.”

“मग बघा.”

बाई माइकवर म्हणाली, “नोंद करा. एक विरोध.” मग म्हणाली, “ठराव मंजूर.” आणि पहारी आल्या. पहारीवाल्या माणसांचे हात आता सरावले होते. भराभर पाडलं त्यांनी. लोकांनी पडणाऱ्या फळीगणिक टाळ्या वाजवल्या. म्हातारा या वेळी पाटावरून उठून पुढे आला, जिथे ही बसली होती त्या बाजूला, आणि फळ्या पडून होईपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहिला. तेवढं मला दिसलं, कारण मी उभा होतो.

घरी येताना ही पुढे, मी मागे.

२६ फेब्रुवारी

सकाळीच वकील. “वहिनींना आवरा. मंडळाची शोभा झाली. बैठक घेऊ, त्यांनी दिलगिरी व्यक्त करावी, विषय मिटवू.” मी म्हणालो, विचारतो. घरी जाऊन विचारलं. ही कणीक मळत होती. म्हणाली, “विचारलंत, झालं.”  वकिलाला काय सांगू ते अजून ठरलेलं नाही. मला तिचा राग आलाय आणि तो सांगायला घरात माणूस नाही, कारण घरात तीच आहे.

दुपारी फोन वाजला. मी उचलला. लेक! “बाबा, आईला द्या.” मी म्हणालो, ऐक तरी, मी बसलो होतो गं, सगळे उठले तरी किती वेळ बसलो होतो, आईला विचार. ती म्हणाली, “हो. आईला द्या.”

दिला. कुणीतरी थिएटरातून तिला कळवलं असणार, त्या म्हाताऱ्याचं काम करणाऱ्याशी तिची ओळख आहे म्हणे. ही मागच्या खोलीत जाऊन बोलत बसली. दार लोटून घेतलं. मी पॅसेजमध्ये उभा. आधी रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. दोघी हसत होत्या. इतकं हसायला काय झालं होतं ते मला कळेना, पण ऐकत उभा राहिलो. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही.

ही बाहेर आली, डोळे पुसत. म्हणाली, “येतेय ती. रविवारी.”

माझ्या तोंडून एकदम “आली ना शेवटी!” असं निघून गेलं. म्हणालो, “गेला ना माझ्यावरचा राग? मला माहीत होतं. बापावर किती दिवस धरणार.”

हिनं फोन जागेवर ठेवला. पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. आवाज नेहमीचाच, हळू, पण मला पहिल्यांदाच एका दमात ऐकू आला.

“ती तुमच्याकडे येत नाहीये. माझ्याकडे येतेय. तुम्ही घरात असलात तर असाल.”

आणि ओट्याकडे गेली.

रविवारी दुकान बंद असतं. मी घरातच असतो. आणखी कुठे जाणार?